शिरोरेषा सरळ यायची तर

दारावरची सागवानी पाटी बघून लोक पहिला प्रश्न विचारतात, "सॉफ्टवेअर कुठलं?" मी सांगते, अक्षरांसाठी इंकस्केप, फुकट मिळतं. ते नाव मोबाइलमध्ये टिपून घेतात आणि विषय संपतो. फळी कशानं धरली होती, हे आप्पांशिवाय अजून कुणी विचारलेलं नाही. घरगुती सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर कोरणारं मशीन, घ्यायची म्हणणाऱ्यांनी खरं तर तिथूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांची हयात पॅटर्न करण्यात गेली. फाउंड्रीत वाळूत दाबून ज्याचा ठसा घेतात आणि त्या पोकळीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात, तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. मी ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवते. मशीनशी माझा संबंध लहानपणी त्यांच्या रंध्याखालचा भुसा गोळा करण्यापुरता.

माझ्याकडे आहे ते 3018. नाव म्हणजे मापच: 30 सेंटिमीटर बाय 18, आणि वर-खाली साधारण साडेचार. अॅल्युमिनियमचे सेक्शन, काळ्या बेकेलाइटच्या पट्ट्या, 775 नंबरची डीसी मोटर आणि तिच्या टोकाला कटर पकडणारं ईआर-11 कॉलेट. कटरची दांडी 3.175 मिलिमीटर, म्हणजे आपलं एक सूत, इंचाचा आठवा भाग. मशीन चालवणारा प्रोग्राम जीआरबीएल. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी 2009 मध्ये सुरू केलेलं हे मोफत काम आर्दुइनो उनो या छोट्या कंट्रोल बोर्डाच्या 32 किलोबाइटच्या चिपमध्ये बसतं आणि तीन अक्षांच्या मोटरी सांभाळतं. मला याचं अजून नवल वाटतं. आप्पांना नाही.

मशीन जोडून झाल्यावर त्यांनी स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा भाग, अंगठ्यानं दाबला, मग कपाटातून बारीक हालचाल मोजणारा डायल गेज काढून लावला आणि पुन्हा दाबला. काटा हलला.

"हलतंय की गं हे."

"आप्पा, छंदाचं मशीन आहे. शिरोलीतली व्हीएमसी नव्हे."

"मग कट पण छंदाएवढाच घे."

पुढचं निम्मं शिक्षण त्या एका वाक्यात आलं. व्हीएमसी म्हणजे कारखान्यातलं मोठं सीएनसी मशीन, त्याचं वजन टनांत असतं, हे मी एका हातानं उचलून टेबलावरून काढते. कटर लाकडाला ढकलतं तेव्हा लाकूड कटरला उलटं ढकलतं आणि सगळा सांगाडा थोडा मागे वाकतो. म्हणून सागवानात मी एका फेरीत अर्धा मिलिमीटरच खोल जाते. पण खोली कमी म्हणून वेगही कमी, असं समजू नका. मोटर मिनिटाला 10,000 फेरे घेत असेल, कटरला एकच धार असेल आणि फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग, मिनिटाला 400 मिलिमीटर असेल, तर दर फेऱ्याला धारेच्या वाट्याला 0.04 मिलिमीटर लाकूड येतं. फीड 100 वर आणा, वाट्याला 0.01 उरतं. मग धार कापायचं सोडून घासायला लागते. लाकूड काळं पडतं, अॅक्रेलिक वितळून कटरलाच चिकटून बसतं. खाली पडणारा भुसा चिमटीत धरून बघावा. बारीक का होईना, कण हाताला लागले पाहिजेत. टाल्कम पावडरसारखं लागलं तर फीड वाढवा किंवा फेरे कमी करा. एमडीएफला (दाबलेल्या भुशाच्या फळीला) ही परीक्षा लावू नका, त्याची धूळच होते, तिथे मास्क हवा. आणि ओढणी, बांगड्या, मोकळे केस मशीनच्या खोलीबाहेर.

आता मापाचं. मोटर एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे 16 भाग करतो, स्क्रू एका फेऱ्यात 4 मिलिमीटर सरकवतो. 200 गुणिले 16 भागिले 4, म्हणजे मिलिमीटरला 800. जीआरबीएलमध्ये हा आकडा एक्स अक्षासाठी $100 या नावानं लिहिलेला असतो, वायला $101, झेडला $102. तुमचा स्क्रू वेगळा असला तर आकडाही वेगळा. 100 मिलिमीटर सरकायला सांगावं आणि व्हर्नियरनं मोजावं. साडेनव्याण्णवच भरलं तर 800 ला 100 नं गुणून 99.5 नं भागायचं, 804 येतात. ते टाकायचे की झालं.

खरी मेख मात्र पुढे आहे. बोर्ड पावलं पाठवतो, पण ती पडली की नाही हे तपासत नाही. कटर गाठीत अडकलं, मोटर जागच्या जागी गुरगुरली, तरी त्याच्या हिशेबी आपण पुढे सरकलेलोच असतो. बँकेच्या पासबुकाशी कधीच ताळा न घेतलेली रोकडवही असते, तसं हे. साध्या 3018 ला टोक आलं हे सांगणारे लिमिट स्विचही नसतात, म्हणून चालू करताना ते जिथे उभं असेल तीच जागा त्याला शून्य वाटते. काम अर्ध्यावर असताना वीज गेली, तर जॉबचं, म्हणजे त्या कामाचं, शून्य कुठे होतं ते शोधायचं आपण. यावर माझा उपाय स्वस्त आहे. बेडवरच्या एमडीएफला दोन पट्ट्या गुण्यात, म्हणजे काटकोनात, स्क्रूनं बसवल्यात, फळी कायम त्यांच्या कोपऱ्याला टेकते आणि तो कोपरा हेच माझं एक्स-वायचं शून्य. झेडसाठी कागद. साधा झेरॉक्सचा कागद 0.1 मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. मोटर बंद ठेवून कटर हळूहळू खाली आणायचं, कागद ओढताना अडकायला लागला की थांबायचं. जीआरबीएलला कटर टेकल्याचं कळवणारा प्रोबही जोडता येतो, जी-38.2 ही आज्ञा त्याचसाठी आहे. पण निदान पहिले काही जॉब कागदावर करावेत. बोटाला कळतं ते डोक्यात राहतं.

आता फळी धरायची कशी. मशीनबरोबर येणारे क्लँप दिसायला झकास, पण बरोबर कटरच्या वाटेत उभे राहतात. ते लावलेच तर सरकतानाची सुरक्षित उंची त्यांच्या डोक्यापेक्षा जास्त ठेवायची. पाटीसारख्या चपट्या कामाला मला मास्किंग टेप भावते. एक पट्टी बेडवर, एक फळीच्या पाठीला, मधे फेविक्विकचे थेंब. दाबून धरलं की फळी हलत नाही आणि काम झाल्यावर टेप सोलली की लाकडावर डागही राहत नाही. आप्पांना हे पटलेलं नाही. फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करून, कुठे पोकळ वाजतं का ते बघूनच ते "चालव" म्हणतात.

हा सगळा खटाटोप देवनागरी कोरताना वसूल होतो. अक्षरं कोरायच्या व्ही-बिट या कटरचं टोक शंकूसारखं असतं, त्यामुळे जेवढं खोल जाल तेवढी रेघ रुंद. 60 अंशांच्या बिटनं एक मिलिमीटर खोल गेलं तर रेघ 1.15 मिलिमीटर रुंद येते. फळी एका टोकाला 0.3 मिलिमीटरनं उचललेली असेल, तर रेघेची रुंदी जवळजवळ 0.35 नं बदलते. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, तिथे हे खपून जातं. आपल्याकडे आडनावभर लांब शिरोरेषा आहे. ती एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक झाली की रस्त्यावरून दिसते. म्हणून बेडवर एमडीएफचा तुकडा पक्का बसवायचा आणि मशीनकडूनच त्याचा वरचा पापुद्रा काढून घ्यायचा. मशीनला जे सपाट वाटतं, तेच मग बेडचं सपाट होतं.

शिरोरेषेचा आणखी एक घोळ आहे. देवनागरी फाँटात प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या शिरोरेषेवर किंचित चढतं. पडद्यावर ते एकसंध काळं दिसतं. पण बाह्यरेषा कटरला दिली की ते प्रत्येक सांध्यावर उभा काप घेतं आणि शिरोरेषा कंपासपट्टीसारखी खाचाखाचांची होते. इंकस्केपमध्ये अक्षरांचे पाथ करायचे, मग ग्रुप सोडवून युनियन द्यायचं, की सगळा शब्द एका बाह्यरेषेत येतो. पाथ तिथेच करून घ्यायचे हेही महत्त्वाचं. चित्रावरून कटरचा मार्ग काढणाऱ्या काही कॅम सॉफ्टवेअरांच्या मजकुराच्या खिडकीत मराठी टाइप केलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. "शिर्के" लिहायचं असेल तर दोन्ही अपघात एकाच शब्दात.

फाँट निवडताना कटरची गोलाई लक्षात घ्या. 3 मिलिमीटरचं एंडमिल, म्हणजे सरळ दंडगोल कटर, आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई सोडणारच. टोकदार फाँट तिथे केविलवाणा दिसतो. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा बालू हा फाँट मुळातच गुबगुबीत आहे, त्याला ही गोलाई शोभते. मुक्ता हा फाँट मी व्ही-बिटसाठी राखून ठेवलाय.

पाट्यांची मागणी आता नातेवाइकांत पसरली आहे आणि मला तिचा थोडा कंटाळा आलाय. सध्या टेबलावर आहे तो बिडाच्या एका छोट्या ब्रॅकेटचा पॅटर्न. बीड थंड होताना आकसतं, त्याचा आप्पांचा हिशेब फुटाला एक सूत. मी कॅल्क्युलेटरवर केलं तर 1.04 टक्के आले, म्हणून फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल 1.0104 पटीनं मोठं केलं. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, तो एंडमिलनं पायऱ्यापायऱ्यांचाच येतो. त्या पायऱ्या पॉलिश पेपरनं घासायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलंय. मला हात लावू देत नाहीत.