तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांचं स्मारक कशाला?

लग्नात, दहाव्याला, महापालिकेच्या जिन्यात, सगळीकडे हाच प्रश्न: "नशा करून गेलेल्यांचं स्मारक कशाला? ते काय हुतात्मे होते?" नव्हते. 17 सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम स्तंभापुढे आपण ज्यांना नमस्कार करतो, त्यांच्या रांगेत मला माझं लेकरू बसवायचं नाही. छत्रपती संभाजीनगरात, घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, पेशंटचे नातेवाईक जिथं ताटकळत बसतात तिथं, एक शिळा हवी. एवढीच मागणी आहे.

"त्यानं पोरं बिघडतील," असंही म्हणतात. पोरं न बोलण्यानं बिघडली. असा मृत्यू झाला की अकस्मात मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदनात मृत्यूच्या कारणाचं मत राखून ठेवतात, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत जातो. अहवाल येईपर्यंत भावकीत "हार्ट अटॅक" पक्का झालेला असतो. मग शेजारच्या गल्लीतल्या आईला सावध कोण करणार?

सावध कशाबद्दल, ते नीट सांगते, कारण माझ्या मागणीचं सगळं कारण त्या एका रात्रीत आहे. 'बटन' म्हणजे बहुधा नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलामची गोळी. सोबत कोडीनचं खोकल्याचं औषध, नाहीतर दारू. यातलं प्रत्येक श्वास मंद करतं. एकत्र आली की फार वेगानं करतात. मुलगा उशिरा येतो, जेवत नाही, आडवा होतो. मग घोरायला लागतो. एरवीपेक्षा जड, मधेच घशात खळखळ. घरचे म्हणतात, गाढ झोपलाय, झोपू द्या, सकाळी बोलू. प्रत्यक्षात जीभ मागे पडून श्वासाची वाट अडलेली असते, आणि उताणा असला तर उलटी फुप्फुसात जाते. श्वास मिनिटाला 12 ते 20 हवेत. ते 8 वर आले तरी छाती हलताना दिसते, म्हणून कुणी मोजत नाही. सावळ्या अंगावर निळेपणा कळत नाही. तो ओठांच्या आत आणि नखांत बघावा लागतो.

मग धावपळ. कुणी मिठाचं पाणी पाजतं, कुणी लिंबू पिळतं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात घातलेलं श्वासनळीत उतरतं. छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात घासावं. तरी उठला नाही तर लगेच 108. त्याला कुशीवर वळवावं, वरचा गुडघा दुमडून, हनुवटी जरा वर करून. श्वास थांबलाच तर छाती दाबायला सुरुवात करावी. रिकामी पाकिटं सोबत न्यावीत, कारण नॅलॉक्सोन हे उताऱ्याचं औषध कोडीनवर चालतं, बटनवर नाही. नॅलॉक्सोनचा असर कोडीनच्या आधी ओसरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणायचं नाही. "पोलीस केस होईल" या भीतीनं गाडी दारातच थांबते. कागद होतो, पण उपचार आधी. सर्वोच्च न्यायालयानं हे 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय.

हे सगळं शिळेवर कोरायचं आहे. आता सांगा, याला उदात्तीकरण म्हणता?

जागेबद्दल मी आधी हट्टी होते. क्रांती चौकच हवा म्हणायचे. पण रस्ता, फुटपाथ, सार्वजनिक वापराच्या जागा यांवर नवा पुतळा किंवा बांधकाम नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. म्हणून आवार हवं, पुतळा नको. ठरावातच देखभालीचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची वेगळी तरतूद, मागावं. ते नसलं की वर्षभरात शिळेवर वाढदिवसाचा बॅनर चढतो. दगड आपलाच काळा पाषाण, पण भरीव निवडलेला. बारीक पोकळ्या असल्या की जोडाक्षरांच्या कडा उडतात. चकचकीत ग्रॅनाइट नको, दुपारच्या उन्हात अक्षरंच वाचता येत नाहीत.

नावांचं मात्र मला अजून उमगलेलं नाही. नावं कोरलीच पाहिजेत, नाहीतर ही मुलं पुन्हा "हार्ट अटॅक" होतील, असं मी ठासून म्हणायचे. मग एका घरात आई हो म्हणाली आणि भाऊ नाही, कारण बहिणीचं जमवायचं होतं. त्याला मी काय सांगणार? नुसतं पहिलं नाव आणि वय कोरावं, असं काही जण सुचवतात. मेलबर्नमध्ये 2001 साली सुरू झालेला 31 ऑगस्टचा ओव्हरडोस जागृती दिवस आता अनेक देशांत पाळतात. त्या दिवशी इथं नावं नुसती वाचावीत, कोरू नयेत, असंही एक मत आहे. वाचलेलं हवेत जातं, हा माझा आक्षेप कायम आहे. भावाचाही कायम आहे. तोवर मजकूर, 108 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे आकडे तरी कोरून घ्या. त्याला कुणाच्या घराची संमती लागत नाही.