वेरूळची जपानी आजी

"तुम्हाला सरकार पगार देतं का?"

आज वेरूळला सोळा नंबरच्या लेणीबाहेर आम्ही दहा-बारा जण बाटल्या वेचत होतो तेव्हा एका जपानी आजींनी गाईडमार्फत विचारलं. नाही म्हणलं, रविवारी आपलं आपणच येतो.

आजी काही बोलल्या नाहीत, पर्स खाली ठेवली, वाकल्या अन् एक बाटली उचलून माझ्या पोत्यात टाकली.

तेव्हापासून तेच डोक्यात चालूय. 1983 ला वेरूळ-अजिंठा युनेस्कोच्या यादीत गेलं, जपाननं इथल्या विकासासाठी कर्ज दिलं, सरकार जाहिराती करतं, ते सगळं लागतंच, पण आजी घरी जाऊन भारत कसा होता सांगतील तेव्हा कैलासाबरोबर आमचं पोतंही सांगतील ना?

पुढच्या रविवारी कोण कोण येतंय?