सिबुटूमधल्या त्या दोन बोटी

इंडोनेशियातल्या कालिमान्तानचा कोळसा फिलिपिन्सच्या वीजकेंद्रांना पोचवणं हे तेव्हा आमच्या जहाजाचं काम होतं. रस्ता ठरलेला. मकासर सामुद्रधुनीतून वर, सेलेबिस समुद्र, मग सिबुटू पॅसेज, म्हणजे फिलिपिन्सच्या दक्षिण टोकाची सामुद्रधुनी, आणि पुढे सुलू समुद्र. मी चीफ ऑफिसर आणि जहाजाचा सिक्युरिटी ऑफिसरही. हे दुसरं पद 2004 मध्ये आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू झाला तेव्हापासून जहाजावर आलं. पगार त्याच्यासोबत आला नाही.

2016 च्या मार्चमध्ये याच पट्ट्यात अबू सय्यफ या दक्षिण फिलिपिन्समधल्या अतिरेकी टोळीच्या लोकांनी ‘ब्रह्मा 12’ या टगवरचे दहा इंडोनेशियन खलाशी उचलून नेले. ती टगसुद्धा कोळशाचीच बार्ज ओढत होती. इंडोनेशियाने फिलिपिन्सला जाणारा कोळसा काही काळ अडवून धरला. ऑक्टोबरमध्ये ‘डाँग बांग जायंट 2’ या कोरियन मालवाहू जहाजाचा कॅप्टन पळवला गेला, तेव्हा ‘हे टगवाल्यांचं दुखणं आहे’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. व्यापार अडला की सरकारं हलतात. 2017 च्या जूनमध्ये इंडोनेशिया, मलेशिया आणि फिलिपिन्स यांनी मिळून गस्त सुरू केली.

हे वाचायला सोपं आहे. यातला मलेशियाचा किनारा म्हणजे साबाह, आणि साबाहवर फिलिपिन्सचा जुना दावा आहे. 2013 मध्ये सुलूचा सुलतान म्हणवणाऱ्या फिलिपिन्समधल्या एका दावेदाराचे हत्यारबंद समर्थक साबाहमधल्या लहाद दातूला उतरले, त्यावरून चकमकी झाल्या, माणसं मेली. मलेशियाची पूर्व साबाहची सुरक्षा कमांड त्यातूनच उभी राहिली. शिवाय चाचेगिरीची माहिती एकमेकांना देण्यासाठी सिंगापुरात जे रिकॅपचं केंद्र आहे, त्याच्या करारात भारत आहे, फिलिपिन्स आहे, पण मलेशिया आणि इंडोनेशिया नाहीत. म्हणजे ज्या समुद्रात आम्ही शिरतो त्याच्या तीन किनाऱ्यांपैकी एकच सभासद. परिणाम काय, तर एकच माहिती वेगवेगळ्या फॉर्मवर पुन्हा पुन्हा भरायची. फॉर्म भरणारा अर्थात मीच.

रिकॅपचा सल्ला होता की जमल्यास हा भाग टाळा. चार्टररचा, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचा, निरोप होता की वळसा घालाल तर तेलाचा खर्च कोण देणार. कोळसा भरल्यावर आमचं डेक पाण्यापासून जेमतेम पाच मीटर वर, आणि वेग साडेअकरा नॉट. त्या वेगाला पंप बोट, म्हणजे बांबूचे दांडे बाहेर काढलेली तिकडची लाकडी होडी, हसत हसत गाठते.

रेझर वायर, म्हणजे चाचे वर चढू नयेत म्हणून लावायची पात्यांची तार, ही ऑफिसातल्या माणसासाठी चेकलिस्टवरची एक टिकमार्क असते. डेकवर ते वेटोळं सोडताना स्प्रिंगसारखं उसळतं आणि चामड्याचे हातमोजे फाडतं. रेलिंगच्या आतून लावलेली वायर बिनकामाची. ती बाहेर झुकलेली हवी, म्हणजे शिडीचा हुक टाकणाऱ्याचा हात आधी तिच्यात जाईल. वेटोळ्यांतून स्टीलची दोरी ओवून ती जहाजाला बांधायची, नाहीतर एका हुकाने ओढली की सगळी समुद्रात. आमची मी आणि बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, अशी लावली होती की पायलटसुद्धा बघत राहिला. फायर होजची तोंडं बाहेर, मागच्या डेकवर बॉयलर सूट घातलेली बुजगावणी, एक सोडून सगळे दरवाजे आतून बंद. एक दिवस आधी बोंगाओच्या फिलिपिन्स नौदल केंद्राला फॉर्म गेला होता.

पहाटे माझी चार ते आठची वॉच. रडारवर लाकडी बोट दिसते ती जवळ आल्यावरच. उजव्या हाताला मागच्या बाजूने दोन ठिपके आले, एक सरळ आमच्याकडे, अठरा नॉटने. कॅप्टन वर होतेच. अलार्म दिला. खालची सगळी माणसं स्टिअरिंग गिअर रूममध्ये गेली. तोच आमचा सिटाडेल, आतून कड्या घालायच्या आणि मदतीची वाट बघायची. ब्रिजवर कॅप्टन, सुकाणूवरचा खलाशी, मी आणि जादा लुकआउट म्हणून बोसन. होज सुरू केले. मी सॅटेलाइट फोनवर बोंगाओला कळवलं: दोन बोटी, एक निळी, अर्ध्या मैलावर. व्हीएचएफवर, म्हणजे आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या रेडिओवर, मी एक शब्दही बोललो नव्हतो.

बोसन दक्षिण फिलिपिन्समधल्या झांबोआंगाचा. दुर्बीण खाली न घेता म्हणाला, “पायाओ, चीफ.”

पायाओ म्हणजे नांगरून ठेवलेला बांबूचा तराफा. खाली नारळाच्या झावळ्या सोडतात, त्यांच्या सावलीला मासे जमतात. त्याचं म्हणणं, पुढे यांचा तराफा असणार, आपण तो तुडवू म्हणून ते आपल्याला हटवायला येताहेत. निळ्या बोटीतून कोणीतरी बॅटरी हलवत होतं, हे मलाही दिसलं. पुढे अंधारात तराफा काही दिसला नाही.

कॅप्टननी डावीकडे वळण घेतलं. बोटी थांबल्या आणि मागे पडल्या. तराफा वाचला म्हणून थांबल्या, की होज आणि वायर बघून, दोन्ही उत्तरं बसतात.

तेवढ्यात व्हीएचएफच्या चॅनल 16 वर साबाहकडून आवाज आला. आमच्या जहाजाचं नाव घेऊन विचारलं: दोन बोटी, एक निळी, अजून मागे आहेत का? नाव एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेवर, कोणालाही दिसतं, पण निळा रंग मी फक्त बोंगाओला सांगितला होता. ज्या किनाऱ्यावरून फिलिपिन्स आणि मलेशियाचं भांडण आहे त्याच किनाऱ्यावर माझं वाक्य काही मिनिटांत पोचलं होतं. तिन्ही देशांच्या मंत्र्यांच्या हात मिळवलेल्या फोटोंवर माझा फारसा विश्वास नाही, पण रात्रपाळीला बसलेल्या त्या दोन अनोळखी माणसांवर बसला.

बोंगाओने गस्तीची बोट पाठवतो म्हणून सांगितलं. आम्ही सुलू समुद्रात निघून गेलो.

रिपोर्टवरून बोसनशी वाजलं. ‘संशयास्पद बोटी’ असं मी लिहिलं. तो म्हणाला, चीफ, तुमच्या एका ओळीमुळे माझ्या गावच्या माणसाला पाण्यात बंदुकीसमोर हात वर करायला लागतील. मी श्रीवर्धनकडचा आहे. 1993 चं आरडीएक्स शेखाडीला उतरलं, 26/11 चे अतिरेकी ‘कुबेर’ हा मासेमारी ट्रॉलर बळकावून आले, त्यावरच्या खलाशांना मारून. तेव्हापासून आमच्याकडचे तांडेल समुद्रात ओळखीचं कार्ड दाखवतात आणि शिव्या घालतात. त्यांची चीड मला कळते, कार्ड का आलं तेही कळतं. रिपोर्ट तसाच पाठवला. बोसनचं म्हणणंही त्यात एका ओळीत घातलं, ते कॅप्टननी ठेवलं.

पुढच्या फेरीआधी मी बोंगाओला मेल करून विचारलं, त्या बोटींचं काय निघालं? माहिती वर जाते, खाली कधी येत नाही, ही माझी जुनी तक्रार. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अगदी अदबीने. सहकार्याबद्दल आभार मानले होते आणि फॉर्मची नवी आवृत्ती जोडली होती. बोटींबद्दल अक्षर नाही. बोसनला दाखवलं तर तो म्हणाला, “पायाओ होता, चीफ,” आणि वायर सोडायला हातमोजे मागितले.