सुवर्णदुर्गाचा पश्चिम तट : होडीचे डोलणे अखेर आटोक्यात

संध्याकाळी वारा पडला की होडी डावी-उजवीकडे डोलते आणि तीतून घेतलेले छायाचित्र हलते, असे मागील नोंदीत मी लिहिले होते. ते डोलणे माघ वद्य अष्टमीच्या संध्याकाळी प्रथमच आवरले गेले आणि हर्णैसमोरच्या समुद्रातील सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या पश्चिम तटाचे ४० इंची प्रिंट सोसेल असे छायाचित्र हाती आले. तटाच्या चिऱ्यांमधील सांधे वेगवेगळे दिसतात, बुरुजावर रुजलेल्या झुडपाची पाने ओळखू येतात, आणि हे सर्व शंभर टक्के मोठे करून पाहताना मला जो आनंद झाला, तो लपवण्याचे कारण नाही.

हर्णैच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी पाहणाऱ्याला हा किल्ला मावळत्या सूर्यासमोर केवळ काळ्या आकृतीसारखा दिसतो. २०२५च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूदृश्यांमधील एक किल्ला म्हणून त्याचे नाव जागतिक वारसा यादीत आल्यापासून तीच काळी आकृती सर्वत्र छापली जात आहे. समुद्राकडील तटावर ऊन पडते ते दुपारनंतर, आणि तो तट उन्हात पाहायचा तर किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्यातच असावे लागते.

मात्र ज्या वेळी ऊन तांबूस होते, नेमक्या त्याच वेळी वायव्येचा खारा वारा पडतो. शीड भरलेले असेपर्यंत तेच होडीला एका कुशीवर धरून ठेवते. वारा गेला की शीड लोंबते, नैर्ऋत्येकडून येणारी लांब लाट मात्र येतच राहते, आणि डोलकाठी डावी-उजवीकडे झुलू लागते. नांगर टाकून प्रश्न सुटत नाही, कारण वारा नसताना होडी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून राहते. प्रवाह किनाऱ्याला समांतर वाहतो, त्यामुळे लाट थेट कुशीवर येते. भरीस भर म्हणून हर्णैच्या लिलावासाठी परतणाऱ्या मोठ्या बोटी त्याच सुमारास जवळून जातात. तिवई निरुपयोगी आहे, कारण ती होडीची प्रत्येक हालचाल कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवते. गिंबल, म्हणजे मोटरींच्या साहाय्याने कॅमेरा स्थिर धरणारे उपकरण, चलचित्रासाठी उत्तम असेल, परंतु खाऱ्या हवेत त्याच्या मोटरी किती टिकतील याविषयी मला शंका आहे. गुडघे सैल ठेवून हातात धरलेला कॅमेरा या दोन्हींपेक्षा बरा, असे माझे मत पक्के होत चालले आहे.

यातील कळीचा मुद्दा दिशेचा आहे. होडीतून कुशीच्या दिशेला तोंड करून छायाचित्र घेतले, तर होडीचे डोलणे चौकटीला वर-खाली फेकते, आणि १३५ मिमीच्या लेन्सवर सेकंदाचा हजारावा भागदेखील भरवशाचा राहत नाही. होडीचे तोंड लाटेकडे असेल, तर डोलणे जवळजवळ थांबते आणि उरते ती नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, सावकाश उठबस. लाट समुद्राकडून येते आणि किल्ला तिच्या साधारण विरुद्ध बाजूला असतो. म्हणजे तोंड लाटेकडे करून पिछाडीवरून छायाचित्र घेतले, की दोन्ही गोष्टी साधतात. त्यासाठी नांगराच्या दोरावर रोलिंग हिचने, म्हणजे ताण आल्यावर न सरकणाऱ्या गाठीने, दुसरा दोर बांधला आणि तो बाहेरून मागच्या कोपऱ्यातील क्लीटवर (दोर अडकवण्याच्या खुंटीवर) आणून हळूहळू ताणत गेलो. प्रवाहाला तिरकी होत होडीने लाटेकडे तोंड केले. जवळच्या पाजपंढरी गावचे अनुभवी नावाडी तांडेलकाका बरोबर होते. त्यांनी दोर हाताने चाचपून पाहिला आणि ‘आता बरी र्‍हायली’ एवढेच म्हटले. नाळ वर जाऊन क्षणभर थबकते, त्या क्षणी १/२५० सेकंदाने घेतलेली बहुतेक छायाचित्रे रेखीव आली, त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० वरून ८०० वर उतरला आणि सावलीतील दगडावरचा रवाळपणा गेला.

दोराविषयी थोडेसे. नांगरासाठी ताण सोसणारे नायलॉनच हवे. पॉलीप्रॉपिलीन स्वस्त असले तरी गुळगुळीत असते आणि गाठ सरकते. नौकाविहाराचे साहित्य ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाने १२ मिमीऐवजी १० मिमीचा दोर पाठवला आणि बदलून देण्यास टाळाटाळ केली. मच्छीमारांना माल देणाऱ्या बंदरावरच्या दुकानात हवा तो दोर कमी किमतीत मिळाला.

अष्टमीची निवड विचारपूर्वक होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत निघते. अष्टमीला ती सहाची, आणि भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे, पाणी असल्याने प्रवाहही मंद. हे लिहीत असतानाच मात्र वेगळे गणित डोक्यात आले आहे. शुद्ध चतुर्दशीला सूर्य मावळत असताना चंद्र किल्ल्यामागे उगवून वर आलेला असतो, म्हणजे तटावर ऊन आणि त्यावर चंद्र एकाच चौकटीत. पौर्णिमेला चंद्र अधिक खाली मिळेल, परंतु तो डोंगरांवरच्या धुरकटात बुडालेला असेल, आणि सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असल्याने आंजर्ल्याच्या खाडीत शिरता येणार नाही. चतुर्दशीला ओहोटी पावणेपाचच्या आसपास संपते; परतताना पाणी चढते असेल, फक्त बाहेर पडायचे ते दुपारीच. पंचांगात तिथीची समाप्ती पाहावी लागेल, कारण एक तिथी म्हणजे १२ अंश : सूर्यास्ताला चतुर्दशी संपत आलेली असेल तर चंद्र सुमारे १२ अंशांवर, नुकतीच लागलेली असेल तर जवळजवळ दुप्पट उंच. ८५ मिमीची लेन्स उभी धरली तर सुमारे २४ अंश मावतात. चंद्र लहान दिसेल, आणि तसाच दिसावा. मोठ्या लेन्सने फुगवलेल्या चंद्रांचा मला कंटाळा आला आहे.

अडचण अशी, की उधाणाच्या चढत्या पाण्यात त्या दुसऱ्या दोरावर किती ताण येईल हे अष्टमीवरून ठरवता येत नाही. म्हणून महाशिवरात्रीला, म्हणजे वद्य चतुर्दशीला, चंद्राविना हाच प्रयोग करणार आहे, कारण भरती-ओहोटीचे वेळापत्रक तेच असते. त्यानंतरची शुद्ध चतुर्दशी होळीच्या तोंडावर येते आणि तांडेलकाका शिमग्याला पालखी सोडून येणार नाहीत, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले आहे. त्यामुळे चैत्राची चतुर्दशी धरून चालतो. वैशाखात होडी वर ओढून शाकारायची असते.

दिवाळीनंतरच्या प्रदर्शनासाठी अष्टमीचे छायाचित्र कापसाच्या मॅट कागदावर छापण्याचे ठरवले आहे, कारण चकचकीत कागदावर दालनातील दिवेच अधिक दिसतात. चौकटीचे माप मात्र चैत्रापर्यंत सुताराला सांगत नाही. चंद्राचे छायाचित्र जमले, तर ते उभे असेल आणि भिंतीवरची मांडणीच बदलावी लागेल.