तुरुंगातलं कॉलेज कुणी चालवायचं?

मागे सॅन क्वेंटिनबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या तर दोघातिघांनी विचारलं की तुरुंगात कॉलेज म्हणजे नक्की काय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला खाडीकाठी हा जुना तुरुंग आहे आणि आत माउंट टॅमलपायस नावाचं खरंखुरं कॉलेज आहे, २०२२ मध्ये त्याला स्वतःची मान्यता मिळाली. ते चालतं लोकांच्या देणग्यांवर, कैद्यांना फी नाही, पुस्तकंही फुकट, आणि शिकवणारे बहुतेक बर्कली-स्टॅनफर्ड या जवळच्या विद्यापीठांकडचे, विनामोबदला येणारे. माझी एक मैत्रीण जाते गणित शिकवायला. जायच्या दिवशी जीन्स घालायची नाही कारण कैद्यांचे कपडे निळे असतात, फोन बाहेर ठेवायचा, आत इंटरनेट नाही, सगळं फळ्यावर आणि कागदावर. ती म्हणते गृहपाठ न करता आलेला विद्यार्थी तिथे क्वचितच दिसतो.

हे ऐकून वाटतं की खासगी संस्थाच बऱ्या! पण बर्कली-स्टॅनफर्ड शेजारी आहेत म्हणून हे जमतं ना. कॅलिफोर्नियातच पण पार ओरेगॉन राज्याच्या सीमेजवळ पेलिकन बे तुरुंग आहे, तिकडे एवढे स्वयंसेवक कुठून येणार? तिथे शिकवतं सरकारी कम्युनिटी कॉलेज (म्हणजे दोन वर्षांचे कोर्स देणारं स्थानिक कॉलेज), कारण २०१४ च्या कायद्याने कॅलिफोर्नियाने अशा वर्गांना पैसे द्यायला सुरुवात केली. सरकारने हात काढला की काय होतं तेही इथे बघून झालंय, १९९४ मध्ये कैद्यांची पेल ग्रँट (म्हणजे गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्राची मदत) बंद केली आणि देशभरातले तुरुंगातले बहुतेक कॉलेज कोर्स बंद पडले, ती पूर्णपणे परत सुरू व्हायला २०२३ उजाडलं.

आणि धंदा म्हणून कुणी शिरलं तर? वेस्ट व्हर्जिनियात २०१९ मध्ये एका कंपनीने कैद्यांना टॅबलेट फुकट दिले पण त्यावर वाचायचे पैसे मिनिटाला लावले, आणि पुस्तकं कुठली तर प्रोजेक्ट गुटेनबर्गची, जी बाहेर कुणालाही फुकट मिळतात. हळू वाचणाऱ्याला जास्त भुर्दंड! मला हे वाचून खरंच संताप आला.

आपल्याकडे नागपूरच्या तुरुंगात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नूची केंद्रं आहेत, म्हणजे सरकारी विद्यापीठंच, आणि मला तोच पाया बरोबर वाटतो. देणगीवाल्यांनी त्यावर हवं तेवढं चढवावं, पण पगारी शिक्षक आणि पुस्तकं सरकारनेच द्यावीत, तुरुंग कितीही आडगावी असला तरी. पेल परत सुरू करताना अमेरिकेने नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना त्यातून बाहेर ठेवलं, हे फार चांगलं केलं.