तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

बाबांची पेट्रोल गाडी, २ लाख १४ हजार किलोमीटर झालेली. गेल्या महिन्यात सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर थरथरायची, मग जणू काही झालंच नाही अशी चालायची. शिवाय कूलंटच्या बाटलीत आठवड्याला अर्धा लिटर कमी. पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा पसरून ठेवला, पण थेंबही नाही. मग पाणी जातंय कुठे?

स्कॅनरवर पी-०३०३ आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. 'कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलून टाका,' असं एकाने सांगितलं. आमच्या मिस्त्रींनी आधी दुसऱ्या-तिसऱ्याच्या कॉइल्स अदलाबदल करून पाहिल्या. कोड तिसऱ्यावरच राहिला, म्हणजे कॉइल निर्दोष. प्लग काढले तर तीन तपकिरी आणि तिसरा धुतल्यासारखा लख्ख! म्हणजे कूलंट आत शिरून वाफेने तो धुतला जात होता. तो पाहिला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

संध्याकाळी रेडिएटरला पंप लावून सुमारे १ बार दाब दिला आणि रात्रभर ठेवला. सकाळी काटा उतरलेला. चारही प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारला (हे फार महत्त्वाचं, नाहीतर सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो) आणि तिसऱ्या भोकातून कूलंटचा हिरवा फवारा उडाला.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं होतं. इंजिन गरम झालं की फट मिटायची, म्हणून थरथर फक्त सकाळची. हेड आज फेसिंगला, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करायला गेलंय. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून ब्लॉकही तपासला, तो सपाट आहे. गाडी विकायची नाही, हे बाबांना कालच सांगितलं.