रविवार, तांबडा रस्सा आणि जर्मन शेजारी

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. जेवायला कुणी येणार असेल, तर घरात असेल त्यातच भागवायचं. आई इथे आली होती तेव्हा शेजारच्या आजी-आजोबांना रविवारीच बोलावलं आणि आईनं तांबडा रस्सा केला, अगदी कोल्हापुरी हातानं. आम्हाला फर्मास. पण ज्यांच्याकडे काळी मिरी म्हणजे तिखटाची हद्द, त्यांचं काय?

"बटाटा टाक गं, तिखट ओढून घेतो," आई म्हणाली. बटाटा तसलं काही करत नाही. तो रस्सा पितो, तिखटासकट, म्हणजे रस्सा कमी होतो आणि उरलेला तेवढाच जहाल. चिमूटभर गुळानं जीभ जराशी फसते, इतकंच.

खरी मेख तर्रीत असते. मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र छान विरघळतं. म्हणून आधी पळीनं वरचा लाल तवंग वाटीत काढून घेतला. आईचा जीव तुटला. "अगं, तीच तर चव!" वाटी आपल्याच ताटांसाठी आहे म्हटल्यावर ती शांत झाली.

फ्रिजमध्ये क्वार्क होता (आपल्या चक्क्याचा लांबचा भाऊ) आणि श्मांड, म्हणजे २० टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असलेली आंबट साय. क्वार्क उकळत्या रश्शात फुटतो, श्मांड बऱ्यापैकी टिकतो. पण मी रश्शात दोन्ही घातले नाहीत. इथल्या भारतीय हॉटेलांत मिळते तशी गुळमट नारिंगी ग्रेव्ही घरात नको होती. श्मांड नुसता वाटीत ठेवला. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून नेतं, ते काम तो ताटातही करतो.

कोल्हापूरनं यावर कधीच तोड काढली आहे: पांढरा रस्सा. मटणाचं अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं शिजवणीचं पाणी, तयारच होतं. केकसाठी आणलेला खोबऱ्याचा कीस गरम पाण्यात भिजवून वाटला, पिळून दूध काढलं, त्यात काजू आणि पांढऱ्या तिळाची पेस्ट. खसखस वगळली. इथे ती मुबलक, पण निळी-काळी. केकमध्ये झकास, रस्सा मात्र राखाडी होईल.

आजींनी दोन्ही रस्से एकाच वाटीत ओतले. आजोबा घाम पुसत फसफसणारं पाणी पीत राहिले. पाण्यानं तिखट नुसतं तोंडभर पसरतं. शेवटी श्मांड त्यांच्या पुढ्यात सरकवला, तेव्हा कुठे बोलू लागले.

आता मी मसाल्यातलं निम्मं तिखट काढून तिथे 'एडेलझ्युस' पाप्रिका घालते. ही गोडसर मिरचीपूड इथे कुठल्याही दुकानात मिळते. रंग लालभडक, तिखटपणा नावाला. परतताना आईनं तिची दोन पाकिटं बॅगेत टाकली. बाबांना पित्ताचा त्रास आहे आणि रस्सा लाल दिसला नाही तर ते जेवत नाहीत.